दुकानाची धोरणपाने

दुकानाची धोरणपाने म्हणजे ऑनलाइन दुकानाने ग्राहकाला लेखी दिलेला शब्द. माल परत कधी घेणार, पैसे कसे परत करणार, पार्सल किती दिवसांत पोचवणार, ग्राहकाच्या नाव-पत्त्याचे आणि फोन नंबरचे काय करणार, तक्रार कोण ऐकणार, हे सगळे या पानांवर असते. त्यांचे दुवे बहुधा साईटच्या तळाच्या पट्टीत असतात. व्यापारी बोलताना सरसकट 'पॉलिसी पेज' म्हणतात. साधारण पाच पाने लागतात: माल व पैसे परत, पाठवणी, गोपनीयता, अटी-शर्ती आणि संपर्क.

मुंबईच्या बाजारात हे काम पूर्वी पाटी आणि पावती करत असे, अजूनही करते. दादरला साडी घ्या, नाहीतर गिरगावात भांडी. पावतीच्या तळाशी दोन ओळी हमखास सापडतात. एक 'चू. भू. द्या. घ्या.' आणि दुसरी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पहिली ओळ सांगते की हिशेबात चूक निघाली तर दोघांनीही ती दुरुस्त करायची, जास्त घेतले असेल तर परत द्यायचे आणि कमी आले असेल तर मागून घ्यायचे. दुसरी ओळ दारच बंद करते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने या दुसऱ्या ओळीचा जोर बराच काढून घेतला. सदोष वस्तू परत घेऊन पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याने परवानगी दिलेली नसताना दुसऱ्याला देणे हीसुद्धा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या शहरात ग्राहकांना संघटित करत आली आहे, त्यामुळे पावती आणि हक्क या गोष्टी इथल्या मराठी मध्यमवर्गाला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. तोच ग्राहक ऑनलाइन खरेदीला बसला की मात्र तळाची पट्टी न वाचता पैसे भरतो.

ही पाने मागतो कोण

घरगुती विक्रेत्याला धोरणपानांची पहिली ओळख बहुधा कायद्यामुळे होत नाही, पेमेंट गेटवेमुळे, म्हणजे ग्राहकाने ऑनलाइन भरलेले पैसे दुकानापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमुळे होते. फोर्टमधल्या शहीद भगतसिंग मार्गावर मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी अशा कंपन्यांसाठी, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; २०२५ मध्ये त्यांची जागा नव्या निर्देशांनी घेतली. व्यापाऱ्याच्या साईटवर सेवेच्या अटी आणि परतीची व पैसे परत करण्याची मुदत स्पष्ट लिहिलेली असावी, असे २०२० च्या त्या सूचनांत म्हटले होते. ग्राहकाने वेगळे मान्य केले नसेल तर पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जावेत, असेही. म्हणून गेटवे कंपनीचा माणूस केवायसीच्या कागदांबरोबर साईटही उघडून पाहतो आणि पान नसेल किंवा अर्धवट असेल तर अर्ज अडवतो.

गूगल मर्चंट सेंटरवर, म्हणजे विक्रेत्यांचा माल गूगलवर झळकवणाऱ्या सेवेवर, माल दाखवायचा असेल तर परतीची अट सहज सापडेल अशा जागी हवी. माल परत घेता का, किती दिवसांत, कोणत्या अवस्थेत, परतीच्या कुरिअरचा खर्च कोणाचा आणि पैसे कसे मिळणार, हे त्यातून कळले पाहिजे. परत घेतच नसाल तर तेही स्पष्ट लिहावे लागते. दुकानाची ओळख संदिग्ध वाटली किंवा साईटवर एक आणि प्रत्यक्षात दुसरेच दिसले, तर 'दिशाभूल' या सदराखाली खाते बंद होऊ शकते. ते पुन्हा सुरू करून घेणे फार जिकिरीचे असते.

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या बाजारपेठांवर परतीची मुदत बहुतांशी बाजारपेठच मालाच्या प्रकारानुसार ठरवते. तिथे विक्रेत्याचे लिहिण्याचे काम कमी आणि पाळण्याचे जास्त. सरकारच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन व्यापाराच्या जाळ्यात तर धोरण परिच्छेदांत मावतच नाही. प्रत्येक वस्तूपुढे ती परत घेणार का, ऑर्डर रद्द करता येईल का, परतीची मुदत किती, पाठवायला किती वेळ, अशा खणांतून ते भरावे लागते. परिच्छेदात शब्दांआड लपता येते, तशी सोय खणात राहत नाही. या लेखकाला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

कायद्याचा पाया

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० पासून लागू आहेत. स्वतःच्या साईटवरून नियमित धंदा करणारी एकटी बाईही त्यांच्या कक्षेत येते. दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क साईटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. एकटीच्या धंद्यात हा अधिकारी म्हणजे ती स्वतःच. किंमत सगळे कर आणि खर्च धरून एका आकड्यात दाखवायची, सोबत फोड द्यायची. ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकटीतून घ्यायची नाही. ऑर्डर रद्द केल्याबद्दल ग्राहकाकडून पैसे कापायचे असतील, तर दुकानाने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तसाच भार दुकानानेही सोसायचा. 'द्या' आणि 'घ्या' यांचे हे नाते पावतीवरच्या जुन्या ओळीला फार जवळचे आहे.

विक्रेत्यासाठी याहून महत्त्वाचा नियम असा आहे: माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणांचा अपवाद आहे. धोरणपानावर काहीही लिहिले तरी हा हक्क पुसला जात नाही. दुसऱ्या बाजूला, 'मला आवडले नाही' म्हणून चांगला माल परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्यात नाही. तो द्यायचा की नाही आणि किती दिवसांचा, हे दुकानदार ठरवतो. एकदा लिहून दिला की मात्र त्याला बांधला जातो.

परतीचे पान

पाचही पानांत सर्वांत अवघड हेच, आणि मराठीत लिहिताना पहिला अडथळा शब्दाचाच येतो. 'परतावा' म्हटले की कोणाला वस्तू परत करणे वाटते, कोणाला पैसे परत मिळणे, आणि गुंतवणूक करणाऱ्याला तिसरेच काही. म्हणून 'माल परत', 'पैसे परत' आणि 'बदलून देणे' हे तीन शब्दप्रयोग वेगळे ठेवावेत आणि पानभर तेच वापरावेत. दुसरा घोळ दिवसांचा. '७ दिवसांत परत' म्हणजे ऑर्डर दिल्यापासून, माल निघाल्यापासून की हातात पडल्यापासून? 'माल हातात मिळाल्यापासून ७ दिवस, रविवार धरून' असे लिहिले की वाद उरत नाही.

दादरच्या एखाद्या पैठणी विक्रेतीचे उदाहरण घेऊ. पहिल्या मसुद्यात ती लिहिते: 'साडी परत घेतली जाणार नाही. अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय तक्रार ऐकली जाणार नाही.' गेटवे हे मान्य करेलही, पण ग्राहकाला आणि कायद्याला ते पुरत नाही. व्हिडिओ हा पुरावा म्हणून मागणे रास्त आहे. तो नसला म्हणून सदोष साडीची जबाबदारी झटकता येत नाही. नीट लिहिलेले पान साधारण असे होईल: 'साडी मिळाल्यापासून ७ दिवसांत, घडी न मोडलेली आणि फॉल-पिको न केलेली असल्यास बदलून देऊ. परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा. साडी फाटलेली, डागाळलेली किंवा ऑर्डरपेक्षा वेगळी निघाली तर फोटो पाठवा. कुरिअर आम्ही पाठवू, आणि साडी आमच्याकडे पोचल्यापासून ५ दिवसांत पूर्ण पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करू. हातमागावर धाग्याची बारीक गाठ किंवा पदराच्या रंगात किंचित फरक येतो, तो दोष धरला जात नाही.'

या मजकुरात मन बदलणे आणि माल सदोष असणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, आणि खरी कारागिरी तीच आहे. फॉल-पिको झालेली साडी आवडली नाही म्हणून परत न घेणे योग्य. पण हातमागाची म्हणून विकलेली पैठणी यंत्रमागाची निघाली, तर फॉल लावलेला असो वा ब्लाऊज शिवलेला असो, ती 'जाहिरातीप्रमाणे नसलेली' ठरते आणि परत घ्यावीच लागते.

खाद्यपदार्थांचेही तसेच. लालबागच्या मिरची गल्लीसारख्या ठिकाणी डंखावर कुटलेला मसाला पाकिटात भरून ऑनलाइन विकणारे अनेक आहेत. 'उघडलेले पाकीट परत घेत नाही' ही अट समजण्यासारखी आहे. पण पाकीट उघडल्याशिवाय मसाल्याला जाळी लागली आहे हे दिसणार कसे? त्या एका प्रसंगाची सोय पानावर हवीच. शिवाय पाकीटबंद मालासाठी वैध मापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत वगैरे तपशील १ जानेवारी २०१८ पासून साईटवरही दाखवावे लागतात. ते मालाच्या पानावर असले तरी धोरणपानाशी जुळायला हवेत.

पाठवणी, पाऊस आणि गणपती

पाठवणीच्या पानावर दोन वेगळे आकडे लागतात: माल तयार होऊन दुकानातून निघायला किती दिवस आणि निघाल्यावर पोचायला किती. बहुतेक पाने एकच आकडा देतात आणि तिथेच भांडण सुरू होते.

मुंबईत यात पावसाळा मिसळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी पार्सल अडकले तर ते हाताबाहेरचे कारण, याबद्दल कोणी वाद घालणार नाही. पण दर जुलैत लोकल एखाद-दोनदा बंद पडते हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीला आपत्ती म्हणून टेकू घेणे बरे नाही. 'जून ते सप्टेंबर दोन दिवस जास्त धरा' एवढे वाक्य पानावर आधीच असले की दुकानदारही सुटतो आणि ग्राहकही फसत नाही.

सणाच्या मालाला तर तारीख हाच मालाचा अर्धा गुण. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पोचलेल्या मखराचे घरच्यांनी काय करायचे? दिवाळीच्या फराळाचे तसेच, विशेषतः परदेशातल्या लेकासुनेला जाणाऱ्या डब्याचे. म्हणून अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरीच सणाआधी पोचतील, ही शेवटची तारीख पाठवणीच्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी, आणि ती उलटली की दुकानाने त्या मालाची ऑर्डर घेणे थांबवावे.

पत्ता

संपर्काचे पान दिसायला सोपे असते, पण घरून धंदा करणाऱ्या बायकांना तेच सर्वांत जड जाते. नियमाला खरा पत्ता हवा, आणि खरा पत्ता म्हणजे राहती खोली. चाळीतल्या खोलीचा नंबर आणि मजला साऱ्या जगाला दाखवण्याची भीती वाजवी आहे. तिला भित्रेपणा म्हणू नये. व्यवहारात काही जणी व्यवसायाची नोंद लहानशा भाड्याच्या गाळ्यावर किंवा सामायिक कार्यालयाच्या पत्त्यावर करतात आणि तोच साईटवर देतात. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर देऊन भागत नाही. जीएसटी प्रमाणपत्र, बँक खाते आणि साईट या तिन्हींवर नाव-पत्ता तंतोतंत जुळावा, कारण तपासणारा नेमके तेच ताडून पाहतो. दुकानाचे गोंडस नाव आणि नोंदणीवरचे नाव वेगळे असेल तर दोन्ही लिहावीत.

गोपनीयता आणि भाषा

गोपनीयतेचे पान २०११ पासूनच्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहे. त्यावर आता डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३ आला आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कोणती माहिती कशासाठी घेता, ती कुरिअरला आणि गेटवेला किती जाते, ग्राहकाला संमती मागे कशी घेता येईल, हे साध्या शब्दांत सांगायचे. या कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल, आणि मराठी त्या यादीत आहे. मुंबईतल्या दुकानांना दारावरच्या मराठी पाटीसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली होती. दारावरची पाटी मराठी झाली, पण त्याच दुकानाच्या साईटवर परतीची अट आजही बहुधा फक्त इंग्रजीत असते. ज्या आजीला साडी परत करायची आहे, तिला ती वाचता यायला हवी.

नक्कल

पाने नाकारली जाण्याचे मोठे कारण नक्कल हे आहे. ऑनलाइन दुकान उभारून देणाऱ्या शॉपिफायच्या परतीच्या तयार साच्यात ३० दिवसांची मुदत आणि युरोपीय संघातल्या ग्राहकांसाठी १४ दिवसांची वेगळी तरतूद आढळते. साचा तसाच चिकटवला की परळमधून फक्त महाराष्ट्रात माल पाठवणारे दुकान युरोपला वचन देऊन बसते आणि इथल्या ग्राहकाला नकळत महिन्याची मुदत देते. काही साईटींवर दुसऱ्याच दुकानाचे नाव मजकुरात राहून गेलेले असते, काहींवर साच्यातले रिकामे कंस. तपासणाऱ्याला हे पहिल्या मिनिटात दिसते. साचा जरूर घ्यावा, पण एकेक वाक्य वाचून 'मी हे करते का?' असे विचारावे आणि उत्तर 'नाही' आले की ते वाक्य खोडावे.

अटी बदलल्या की पानाच्या माथ्यावर बदलाची तारीख घालतात आणि जुने पान जपून ठेवतात. ग्राहकाने ऑर्डर दिली त्या दिवशी जे पान साईटवर होते, त्या ऑर्डरीला तेच लागू धरले जाते.