वायरलेस ब्रिज बंद पडला? अँटेनाला हात लावण्याआधी हे वाचा

“लिंक गेलीय, कुणाला गच्चीवर चढवू का?” आमच्याकडे येणारे निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. दोन ठिकाणची नेटवर्कं हवेतून जोडायला दोन्ही टोकांना बसवलेलं अँटेनाचं उपकरण म्हणजे वायरलेस ब्रिज. आमची कळकळीची विनंती आहे, चढवू नका. बसवताना केसभर इकडे-तिकडे करत जुळवलेली दिशा एकदा बिघडली की मूळ दोष तसाच राहतो आणि वर दुसरा उभा राहतो. दोष कुठल्या टप्प्यावर आहे, हे आधी खाली टेबलाशी बसूनच शोधायचं.

त्यासाठी पिंग पुरेसं आहे, म्हणजे एखाद्या उपकरणाच्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का, ते पाहणं. आपल्या संगणकावरून आधी इकडच्या ब्रिजला पिंग करा, मग पलीकडच्या ब्रिजला आणि शेवटी पलीकडच्या नेटवर्कवरच्या एखाद्या प्रिंटरला. संगणकापेक्षा प्रिंटर बरा, कारण विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही आणि चालू संगणक बंद वाटतो. उत्तर जिथे थांबेल, तिथे शोध सुरू करा.

इकडचाच ब्रिज उत्तर देत नाही

मग हवेतल्या लिंकचा काही संबंध नाही. वीजपुरवठा आणि केबल पाहा. पीओई अडॅप्टरला, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच ब्रिजला वीज देणाऱ्या डबीला, दोन सारखीच भोकं असतात. त्यांतल्या पीओई लिहिलेल्या भोकातून केबल वर ब्रिजकडे जाते, लॅन लिहिलेल्या भोकातून स्विचकडे. टेबल पुसताना दोन्ही केबल निघतात आणि परत लावताना उलट्या लागतात, हे आम्ही अनेकदा पाहिलंय.

दुसरा संशयित म्हणजे पाणी. एका ग्राहकाकडे लिंक दर पावसात जायची आणि ऊन पडलं की परत यायची. ब्रिजचं खालचं झाकण उघडलं तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला. केबल वरून सरळ खाली उतरत थेट ब्रिजमध्ये शिरत होती, त्यामुळे पाणी तिच्याच अंगावरून आत जायचं. केबलला ब्रिजच्या खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आणि कनेक्टर नवा लावला.

ब्रिज चालू आहे, पण गिगाबिटचं पोर्ट असूनही जोडणी १०० मेगाबिटचीच दाखवतो, असं झालं तरी आधी केबलच तपासा. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणजे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी सगळं चालत राहतं, फक्त मंद.

पलीकडचा ब्रिज उत्तर देत नाही

तिकडे वीज आहे ना, हे फोन करून विचारा. असेल, तर इकडच्या ब्रिजच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर, सिग्नल बघा. तो डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. वजा ५० ते वजा ६५ डीबीएम असेल तर निर्धास्त राहा. वजा ७५ च्या खाली लिंक तुटत-जुळत राहते. आकडा एकाएकी १५-२० ने घसरला असेल तर अँटेना हलली किंवा मध्ये काही उभं राहिलं. महिनोन्‌महिने हळूहळू उतरत असेल तर बहुतेक झाड वाढतंय.

“समोरचं दिसतंय की” एवढ्याने भागत नाही. लिंकला सरळ रेषेभोवती मोकळी जागा लागते. १ किलोमीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ धरलं, तर मध्यावर रेषेच्या चहूबाजूंनी या जागेची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर होते. त्या त्रिज्येच्या ६० टक्क्यांपर्यंत तरी जागा मोकळी हवी.

५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलांवर रडारही चालतात. तिथे ब्रिज सुरू झाल्यावर निदान १ मिनिट नुसता ऐकत बसतो, मग बोलतो. तेवढ्यात “अजून आला नाही” म्हणून वीज काढून परत दिलीत, तर त्याची गिनती पहिल्यापासून सुरू होते. थोडा धीर धरा.

दोन्ही ब्रिज बोलतात, पण पलीकडचे संगणक दिसत नाहीत

हा दोष सर्वांत जास्त छळतो, कारण सिग्नल उत्तम असतो. साध्या क्लायंट मोडमध्ये, म्हणजे एक ब्रिज दुसऱ्याला मोबाइलसारखा नुसता जोडला जातो तेव्हा, वायफायच्या प्रत्येक पाकिटावर (माहितीच्या तुकड्यावर) तीनच मॅक पत्ते (उपकरणांचे कायमचे क्रमांक) असतात. त्यात क्लायंटचा स्वतःचा पत्ता मावतो, त्याच्या मागे केबलवर बसलेल्या संगणकाच्या पत्त्याला जागा उरत नाही. मग ब्रिजचं पान उघडतं, प्रिंटर मात्र उघडत नाही, किंवा काही चालतं, काही नाही. उपाय म्हणजे दोन्ही टोकांना चार पत्त्यांचा मोड, म्हणजे डब्ल्यूडीएस, चालू करणं. दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रिज असतील तर हा मोड अनेकदा जुळत नाही, म्हणून आम्ही जोडी एकाच कंपनीची बसवतो.

ते ठीक असेल, तर पलीकडे कुणी जुना राउटर जोडलाय का ते विचारा. एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी, म्हणजे संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवा, आले की संगणकांना चुकीचे आयपी पत्ते आणि चुकीचा गेटवे (बाहेर जायचा रस्ता) मिळतो. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर कुठेतरी केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लागली आहेत.

चॅनल किंवा पासवर्ड बदलायचा झाला, तर आधी पलीकडच्या ब्रिजवर बदला, मग इकडच्या. उलट केलंत तर पलीकडे पोचायची वाटच तुटते. रीसेटचं बटण मात्र दाबू नका, त्याने वर सांगितलेली सगळी सेटिंग पुसली जाते. आम्हाला फोन करताना पिंग कुठे थांबलं आणि दोन्ही टोकांचा सिग्नल किती आहे, एवढं हाताशी ठेवा.