वसईची घंटा, खांडसची वाट

श्रावणातल्या शनिवारी रात्री ठाणे स्टेशनवर कर्जत लोकलची वाट बघणाऱ्यांत दोन-चार टोळकी लगेच ओळखू येतात. पाठीला सॅक, सॅकला गुंडाळलेला प्लास्टिकचा कागद, एखाद्याच्या हातात काठी. नेरळ नाहीतर कर्जतला उतरायचं, मिळेल त्या टमटमने कशेळेमार्गे खांडस गाठायचं आणि उजाडताना डोंगराला भिडायचं. दुपारपर्यंत भीमाशंकर.

गाडी काढून जाणाऱ्यांना हा खुळेपणा वाटतो. मंचर-घोडेगावकडून चांगला डांबरी रस्ता असताना पावसात चिखल तुडवायचा कशाला? देऊळही खेड तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. तेव्हा तिथे पुण्याच्या बाजूनेच जावं, हा हिशेब बरोबरच दिसतो. पण हा हिशेब मोटारींच्या काळातला. देऊळ उभं आहे सह्याद्रीच्या ऐन कड्यालगत, सव्वातीन हजार फुटांच्या आसपास, आणि कड्याखाली थेट कोकण आहे. रस्त्याने आलेला माणूस वाहनतळावरून पायऱ्या उतरत देवाकडे जातो. खांडसचा माणूस खालून, घाट चढून येतो.

खांडसहून वाटा दोन. गणेश घाट लांबचा पण सोशिक. शिडी घाट जवळचा आणि अंगावर येणारा. त्यातल्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पावसात त्या शिडीवर चढताना खालच्या माणसाच्या डोक्यावर आपल्या बुटातलं पाणी पडतं, आणि वरच्याच्या बुटातलं आपल्या. या वाटा ट्रेकर मंडळींनी शोधलेल्या नाहीत. गणेश घाटावर पदरगडाचा सुळका नजर ठेवून आहे, तर त्याच मुलखात कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला. संभाजी महाराजांच्या काळात तिथे शस्त्रांचा साठा होता आणि 1684 मध्ये किल्ला मोगलांकडे गेला. वाट राखण्याजोगी असल्याशिवाय तिच्या अंगाला कोणी किल्ले ठेवत नाही.

आता घंटा. भीमाशंकरला गाभाऱ्याच्या रांगेत उभं राहिलं की समोर शनीच्या छोट्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली दिसते. बहुतेक लोक लोलक हलवतात, टोल देतात आणि पुढे सरकतात. जरा वाकून पाहिलं तर तिच्या अंगावर क्रूस आहे. ही चर्चची घंटा, वसईकडून आलेली.

तिची गोष्ट ठाण्यापासून सुरू होते. साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं आणि खाडीकाठी ते ठाण्याचा किल्ला बांधत होते. आज ज्याला आपण ठाणे सेंट्रल जेल म्हणतो, तोच तो. बांधकाम पुरं व्हायच्या आतच, मार्च 1737 मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. उत्तरेला वसई मात्र हटून बसली होती. शेवटचा वेढा चिमाजीअप्पांनी चालवला. सुरुंग लावून तट पाडले आणि मे 1739 मध्ये किल्ला शरण आला. पोर्तुगीजांना सामानसुमानासह बाहेर पडायला मुदत मिळाली. याच मोहिमेत अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलल्याचं सांगतात. गणेशपुरीच्या वाटेवरचं ते गडासारखं देऊळ आणि त्याच्या 52 पायऱ्या म्हणजे त्या नवसाची फेड.

घंटा मात्र मराठ्यांच्या हाती राहिल्या, आणि त्यांची वाटणी गमतीशीर झाली. एक नाशिकला गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळात गेली. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, ती हीच. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या गावी गेली. एक सह्याद्री चढून भीमाशंकरला आली. विजयाची खूण म्हणून तोफा किल्ल्यावर ठेवाव्यात, निशाणं दरबारात. घंटा देवाला, हे मला फार मराठी वाटतं. शिवाय व्यवहार होताच. एवढी ओतीव घंटा आपल्याकडे सहसा होत नसे. चर्चच्या मनोऱ्यात ती दोराने झुलवली जाते, म्हणजे सगळी घंटाच हलते. आपण तिला आडव्या तुळईला जखडून हाताच्या उंचीवर आणली आणि लोलक भाविकांच्या हाती दिला. घंटा तीच, वाजवण्याची रीत बदलली.

पुढे त्याच शतकात नाना फडणवीसांनी भीमाशंकरच्या देवळाचं शिखर बांधलं. म्हणजे पेशवाईचं लक्ष या डोंगरावर टिकून होतं. कोकणातून येणाऱ्यांचं बळ मात्र रेल्वेने वाढवलं. 1853 मध्ये गाडी ठाण्याला आली आणि 1856 मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत रूळ पोचले. त्याच रुळांवरून आजची आपली रात्रीची लोकल नेरळला जाते.

वरचं जंगल 1985 पासून अभयारण्य आहे. ते पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. शेकरूसाठी ते राखलं, आणि माणसांनाही थोडं आवरलं असतं तर बरं झालं असतं. श्रावणी सोमवारी देवळाभोवती झाडांपेक्षा छत्र्या जास्त असतात. म्हणून आम्ही रविवारी चढतो.

रविवारी संध्याकाळी पोटऱ्या धरलेल्या अवस्थेत ठाण्यात उतरलं की सोमवारी पहाटे मासुंदा तलावाकाठी कोपीनेश्वराच्या रांगेत उभं राहायला घरचे उठवतातच. ते देऊळही ठाणे मराठ्यांकडे आल्यानंतरचं, 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेलं. तिथली घंटा वाजवताना मी हल्ली तिच्या अंगावर काही कोरलंय का ते आधी बघतो.