उन्हाळ्यात मुठेत वाहतं काय?

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पुणेकर नदी बघायला जमतात. एरवी, विशेषतः उन्हाळ्यात, पात्रात असतं ते मुख्यतः शहराने वापरून सोडलेलं पाणी.

मुठेच्या खोऱ्यात टेमघर, वरसगाव, पानशेत आणि सर्वांत खाली खडकवासला अशी चार धरणं आहेत. खडकवासल्याचं पाणी पुण्याला आणि कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं, पात्रासाठी फारसं उरत नाही. थोडक्यात, नदी धरणाशी थांबते आणि पुढे नाल्यांच्या जोरावर पुन्हा वाहू लागते. पवनेमार्गे पिंपरी-चिंचवडचा वाटा मुळेत येतो आणि संगमावर सगळं एक होतं.

मैला नदीत गेला तर बिघडतं काय? त्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. ही गरज म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. आता उन्हाळ्याचा हिशेब पाहा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. पाणी तापतं तसे जिवाणूही खादाड होतात. मिसळायला स्वच्छ प्रवाह नाही, मैला मात्र तेवढाच. ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पुलावर नाकाला रुमाल लावायला लावतो तो हाच वायू.

नदीकाठ सुशोभित करण्यावर इतका खल होतो, पण धरणाखाली बारमाही किती पाणी सोडायचं हा प्रश्न मागेच पडतो. मला तो आधीचा वाटतो.

शुद्धीकरण केंद्रं हवीतच. पण नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांत बीओडी चांगला उतरला, तरी नायट्रोजन-फॉस्फरस काढायची वेगळी सोय नसेल तर त्यांचा बराच भाग प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. जलपर्णीचं खत तेच. म्हणून ती दर वर्षी यंत्राने उपसली तरी पुन्हा माजते, तिच्या गालिच्याखाली ऊन पोहोचत नाही, साचलेल्या पाण्यात क्युलेक्स डासांची पैदास होते. न वापरलेलं खत मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीच्या जलाशयात उतरतं. तिथे त्यावर शेवाळ वाढतं, आणि सोलापूर शहराला पिण्याचं पाणी जातं ते या उजनीतूनच.