चार मचाणं, एक खुळखुळ

तूर वाळली की आमच्याकडे जागल सुरू होते. वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात, अन् रानडुक्कर शिरलं तरी खुळखुळतातच. डबा कधी बडवायचा? दर आवाजाला बडवला तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फार धीर धरला तर सकाळी वावराचा कोपरा आडवा.

अँटेनापुढचा पेच हाच. खरखर तर कायमचीच. तिच्यात एखादा क्षीण सिग्नल दडलाय का? १९३३ साली नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी वाट दाखवली: डबा फुकट किती वेळा वाजलेला चालेल ते आधी ठरवा, मग त्या मर्यादेत जास्तीत जास्त डुकरं पकडा.

सोपा उपाय म्हणजे ऊर्जा मोजायची. नेहमीपेक्षा जास्त भरली तर सिग्नल. पण 'नेहमी' म्हणजे किती? यंत्र तापलं की खरखर बदलते. तिचा अंदाज १ डेसिबलनं, म्हणजे साधारण २६ टक्क्यांनी, इकडेतिकडे होत असेल, तर खरखरीच्या निम्म्याहूनही कमी ताकदीचा सिग्नल खात्रीनं ओळखता येत नाही. कितीही वेळ कान लावून बसा.

"एकट्याचा कान भुलते बाप्पा," आमचे काका म्हणतात. चार मचाणांवर एकदमच चाहूल लागली, तर गोष्ट वेगळी.

चार अँटेनांची खरखर ज्याची त्याची असते, सिग्नल मात्र चौघांपर्यंत पोचतो. म्हणून दोन-दोन अँटेनांच्या नोंदींचा गुणाकार करून सरासरी काढायची. खरखर एकमेकींना खोडत जाते, सामाईक ते उरतं. या सरासऱ्यांच्या चार बाय चार सारणीतून चार आयगेन मूल्यं निघतात, म्हणजे सारणीतली ताकद कशी वाटली गेलीय ते सांगणारे चार आकडे. सामाईक काही आलं की त्यातलं एक फुगतं. नुसती खरखर असेल तर चारही सारखी यायला हवीत. पण नोंदी मोजक्या असल्या की ती फाकतात, आणि किती फाकतात याचं सूत्र मार्चेंको व पास्तूर या गणितज्ञांनी १९६७ साली दिलं. ४ अँटेना, १०० नोंदी: खरखरीच्या सुमारे ०.६४ पट ते १.४४ पट. म्हणजे सर्वांत मोठं भागिले सर्वांत लहान, जेमतेम सव्वादोन. भागाकार त्याच्या बराच पुढे गेला, तर काहीतरी सामाईक आलंय. गंमत अशी की भागाकारात खरखरीची पातळीच कटून जाते. 'नेहमी किती' हे विचारावंच लागत नाही. अट एकच, चारही अँटेनांची खरखर सारख्या ताकदीची हवी.

आता सामाईक काय आलं, ते मात्र हा आकडा सांगत नाही. शेजारच्या वावरात पंपाच्या स्टार्टरची ठिणगी उडाली, तरी तीही चौघांना एकदमच ऐकू जाते. जशी वाऱ्याची मोठी झुळूक चारही मचाणांवरून जाते, आणि चौघंही डबे बडवतात.