सातव्या महिन्यातल्या बाळाची हाडं कच्ची का राहतात? थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे कोकणात बाई सातव्या-आठव्यातच बाळंत झाली आणि बाळाची हाडं नाजूक निघाली की पहिला ठपका तिच्यावरच येतो, नाचणी खाल्ली नाहीस, दूधच पातळ आहे. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण यात तिचा काहीच दोष नसतो.

बाळाच्या हाडात भरणारं जवळजवळ 80 टक्के कॅल्शियम-फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत जातं, वजनाच्या एका किलोमागे रोज 100-120 मिलिग्रॅम कॅल्शियम. वार ते आईच्या रक्तातून ओढून बाळाला देते आणि त्यात पीटीएचआरपी नावाच्या हार्मोनचा मोठा हात असतो, हे हार्मोन सापडलं 1987 च्या सुमारास, तेही कॅन्सरच्या पेशंटचं कॅल्शियम का वाढतं ते शोधताना. बाळ 28 आठवड्यांत आलं की नाळेबरोबर हा पुरवठाही तुटला. आईच्या 100 मिली दुधात कॅल्शियम 25-30 मिलिग्रॅमच, आणि तिने नाचणीची भाकरी कितीही खाल्ली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. नाचणी तिच्या स्वतःच्या हाडांसाठी चांगलीच, ती खावी.

आधी डॉक्टरही हाडांचा हा कच्चेपणा म्हणजे साधा मुडदूसच समजायचे, म्हणजे ड जीवनसत्त्व द्या की झालं. पण व्हेंटिलेटर, सलाईनमधून पूर्ण पोषण, 1980 पासून सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) असं सगळं आलं आणि किलोभराची बाळं जगायला लागली, मग एक्स-रेत बरगड्या मोडलेल्या दिसायला लागल्या आणि कळलं की ड देऊनही खनिजच कमी पडतंय.

इथे पीटीएच समजून घ्यायला हवं. मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथीचं हे हार्मोन, 1925 मध्ये कॉलिप यांनी त्याचा अर्क काढला, रक्तात मोजता आलं ते 1963 मध्ये बर्सन आणि यालो यांच्यामुळे. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की पीटीएच वाढतं, हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, फॉस्फरस लघवीवाटे घालवतं. म्हणून रिपोर्टात कॅल्शियम नॉर्मल आणि हाडं मात्र रिकामी होत चाललेली, असं होऊ शकतं! आमच्या कुडाळच्या भाचीच्या बाळाचं तसंच होतं, कॅल्शियमपुढे नॉर्मल आणि खालच्या ओळीत अल्कलाईन फॉस्फटेज (हाडांना खनिज कमी पडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) 900 च्या वर, घरचे वरची ओळ वाचून निवांत. उलट फॉस्फरसच कमी असेल तर पीटीएच वाढत नाही, त्यामुळे नेमकं काय कमी आहे ते बघूनच औषध द्यावं लागतं, पीटीएच वाढलेलं असताना नुसतं फॉस्फरस दिलं तर पीटीएच अजून चढू शकतं.

यातूनच फोर्टिफायर आलं, आईच्या काढलेल्या दुधात मिसळायची कॅल्शियम-फॉस्फरस असलेली पुडी. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलमध्ये 1989 मध्ये आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, पण अशा लहान बाळाला दात्या आईच्या दुधातही ही भर घालावीच लागते.

घरी आणल्यावर मालीशवाल्या आजींना आधीच सांगून ठेवा, हलक्या हाताने तेल लावा, हातपाय उलटसुलट ओढू नका, पाय धरून वर उचलू नका. आणि फॉस्फरस, अल्कलाईन फॉस्फटेज पुन्हा कधी तपासायचं ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.