फाइल-कुलूप

संगणकावरील एकच फाइल अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी उघडतात तेव्हा त्यांच्या वाचन-लेखनाची टक्कर होऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने घातलेले बंधन. एकाने कुलूप घातलेले असताना दुसरा आला, की ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमकडून वापरात आहे’ असा नकार मिळतो. हा नकार का मिळतो आणि कोड लिहिताना तो कसा टाळावा, यावर प्रस्तुत नोंदीचा भर आहे. शासकीय परिभाषेत फाइलला ‘संचिका’ म्हणतात. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांकडे मात्र ‘फाइल लॉक झालीय’, ‘कोणीतरी धरून ठेवलीय’, ‘हँडल सोडलं नाही’ असेच बोलले जाते. यातले ‘धरून ठेवणे’ तांत्रिकदृष्ट्याही अचूक आहे. फाइल उघडताना सिस्टिम प्रोग्रॅमच्या हाती एक हँडल (उघडलेल्या फाइलची खूण) देते आणि ते परत मिळेपर्यंत फाइल त्याच्याकडे आहे असे धरून चालते.

कागदाच्या दप्तराला हा प्रश्न पडत नाही. पेशवे दफ्तरातला रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे) एका मेजावर सोडला, की तो दुसऱ्या मेजावर नसतोच. संगणकावर एकच फाइल दोन्ही मेजांवर उघडू शकते, म्हणून बंधन मुद्दाम घालावे लागते.

उगम : ही कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांपासून आली असे सामान्यतः मानतात. काही ठिकाणी १९६३ हे वर्ष आणि ओएस/३६० ही प्रणाली अशी जोडी दिलेली आढळते. ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे, कारण सिस्टिम/३६० या संगणकमालिकेची घोषणाच एप्रिल १९६४ मध्ये झाली आणि ओएस/३६० ग्राहकांच्या हाती १९६६ पासून पडू लागली. १९६३ हे फार तर आराखड्याचे वर्ष असेल. प्रत्यक्ष वापराच्या दृष्टीने १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध म्हणणे अधिक सुरक्षित. त्या प्रणालीत काम सोपवतानाच डेटासंच एकट्यासाठी हवा (‘ओल्ड’) की इतरांबरोबर चालेल (‘एसएचआर’) हे लिहून द्यावे लागे. आजच्या विंडोजमधील ‘शेअर’ पर्यायांशी या पद्धतीचे साम्य उघड आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची परंपरा वेगळी. तिचे कर्ते डेनिस रिची व केन टॉम्पसन यांनी जुलै १९७४ मधील लेखात, आमच्या वातावरणात कुलपे आवश्यकही नाहीत आणि पुरेशीही नाहीत, अशी भूमिका मांडली. ‘आवश्यक नाहीत’ हा भाग पुढे टिकला नाही : ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत (१९८३) ‘फ्लॉक’ हे कुलपाचे फंक्शन आले, तर युनिक्सजातीच्या प्रणालींसाठीच्या १९८८ च्या पॉझिक्स मानकाने ‘एफकंट्रोल’ या फंक्शनची कुलपे प्रमाणित केली. ‘पुरेशी नाहीत’ हा भाग मात्र आजही खरा आहे. दोघांनी एकाच फाइलच्या प्रती आपापल्या संपादकात उघडल्या आणि पाळीपाळीने जतन केल्या, तर कुलूप एकदाही न मोडता पहिल्याचे काम पुसले जाते. युनिक्सची ही कुलपे सल्ल्याची असतात. जो प्रोग्रॅम विचारत नाही त्याला ती अडवत नाहीत. सक्तीच्या कुलपांची लिनक्समधील सोय २०२१ मध्ये (आवृत्ती ५.१५) काढून टाकण्यात आली. पॉझिक्स कुलपांत एक घातक खोड आहे : एकाच प्रक्रियेने (चालू प्रोग्रॅमने) तीच फाइल दोनदा उघडली आणि त्यातले एक हँडल बंद केले, की त्या फाइलवरील तिची सर्व कुलपे सुटतात. त्यावर उपाय म्हणून लिनक्स ३.१५ (२०१४) मध्ये वेगळ्या जातीची कुलपे आली.

विंडोजमधील नकार : ‘वापरात आहे’ ही तक्रार मुख्यतः विंडोजवर येते. या प्रथेचे मूळ विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस ३.० (१९८४) मधील ‘शेअर’ या सोयीत आहे. फाइल उघडताना प्रोग्रॅम दोन गोष्टी सांगतो : मी काय करणार, आणि मी असेपर्यंत इतरांना काय करू देणार. दुसरी गोष्ट लिहिली नाही तर लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतो तो तयार कोड) ती स्वतःच ठरवते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. शिवाय तपासणी दुहेरी असते. समजा, एक प्रोग्रॅम नोंदवहीच्या फाइलमध्ये लिहितो आहे आणि इतरांना वाचायला त्याची मोकळीक आहे. दुसरा फक्त वाचायला येतो, पण येताना ‘इतरांनी फक्त वाचावे’ असे बजावतो, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग मंचातील ‘फाइल.रीडऑलटेक्स्ट’ हे फंक्शन हेच करते. पहिल्याचे लेखन आधीच सुरू आहे, त्यामुळे नवख्याची अट मोडते आणि त्रुटी क्रमांक ३२ येतो. दोष मालकाचा वाटतो, पण चूक वाचणाऱ्याची. त्याने ‘वाचन-लेखन दोन्ही चालेल’ असे सांगून फाइल उघडली, की ती उघडते.

चित्रांच्या बाबतीत डॉटनेटमधल्याच ‘इमेज.फ्रॉमफाइल’ने पुष्कळांना रडवले आहे. ते चित्र स्मृतीत असेपर्यंत मूळ फाइल धरून ठेवते. त्याच नावाने जतन करायला गेले, की नेमके कारण न सांगणारी ‘सर्वसाधारण त्रुटी’ येते. चित्राची स्वतंत्र प्रत करून मूळ वस्तू लगेच मोकळी करावी, किंवा सर्व बाइट आधी वाचून घेऊन त्यांच्यावरून चित्र बनवावे. दुसऱ्या रीतीत त्या बाइटांचा स्मृतीतला प्रवाह (स्ट्रीम) चित्र असेपर्यंत बंद करू नये.

टाळण्याच्या रीती : हँडल हमखास सुटावे यासाठी सी-शार्पमध्ये ‘युझिंग’, पायथनमध्ये ‘विथ’ (२००६ पासून) आणि जावामध्ये संसाधनांसह ‘ट्राय’ (२०११ पासून) आहेत, मध्येच अपवाद (प्रोग्रॅम चालताना येणारी त्रुटी) उद्भवला तरी फाइल बंद होते. ‘आधी फाइल मोकळी आहे का ते पाहू, मग उघडू’ ही रीत अनेक उत्तरांत सुचवलेली दिसते, पण ती निरुपयोगी आहे. पाहणे आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात दुसरा कोणी शिरू शकतो. सरळ उघडावे, नकार आला तर थोडे थांबून मोजक्या वेळा पुन्हा प्रयत्न करावा. विषाणूरोधक आणि शोधसूची करणारे प्रोग्रॅम नव्या फाइलला क्षणभरच धरतात, तेवढ्याला हे पुरते.

जतन करताना जुन्या फाइलवर थेट लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहून, ती डिस्कवर उतरवून, मग नाव बदलून जुनीच्या जागी ठेवावी. पायथन ३.३ पासून यासाठी ‘ओएस.रिप्लेस’ आहे, विंडोजमध्ये ‘रिप्लेसफाइल’. फोल्डर तोच हवा, कारण एका डिस्क-विभागातून दुसऱ्यात नाव बदलणे एका फटक्यात होत नाही. मध्येच वीज गेली तरी वाचकाला जुनी फाइल अखंड मिळते किंवा नवी अखंड मिळते. अर्धवट कधीच नाही. मात्र विंडोजवर जुनी फाइल दुसऱ्याने धरलेली असेल, तर ही अदलाबदलही सहसा अडते.

पुण्यातील अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अक्षरजुळणीच्या दुकानात हा प्रसंग नेहमीचा आहे. ग्राहकाला दाखवायला पीडीएफ एका खिडकीत उघडी असते, चालक दुरुस्ती करून त्याच नावाने पुन्हा पीडीएफ काढतो आणि प्रोग्रॅम नकार देतो. ग्राहक समोर ताटकळत असतो, म्हणून ‘फायनल २’ असे नाव देऊन काम उरकले जाते. मग जुनी प्रत छापखान्यात जाते, आणि पत्रिकेवर चुकलेला मुहूर्त छापून येतो. दर्शक खिडकी बंद करून तेच नाव वापरले असते, तर हे टळले असते.

फाइल कोणी धरली आहे ते विंडोजमध्ये ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ने, लिनक्समध्ये ‘एलएसओएफ’ने कळते. ऑफिसच्या फोल्डरमध्ये नावाआधी ‘~$’ असलेली छोटी लपलेली फाइल दिसते, तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते. सामायिक फोल्डरवर ही साधने अपुरी पडतात, कारण हँडल सर्व्हरवर असते आणि पाहायचे तिथेच जाऊन.