प्लंजर आणि डोसिंग पंपाची पार्श्वभूमी : जोर लावणारा दट्ट्या माप कसा मोजायला लागला

बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा भला मोठा प्लंजर पंप आणि पाण्याच्या लाइनीत थेंब थेंब क्लोरीन सोडणारा हातभर डोसिंग पंप शेजारी शेजारी ठेवले तर कुणालाही दोन वेगळी मशिनं वाटतील, पण आतलं काम तंतोतंत एकच आहे. बंद खोलीत एक दांडा, म्हणजे प्लंजर, शिरतो, तो जेवढी जागा खातो तेवढं द्रव बाहेर पडतं, दांडा मागे आला की तेवढंच द्रव आत येतं, आणि उलटं जाऊ नये म्हणून दोन चेक व्हॉल्व्ह, एक सक्शनला एक डिलिव्हरीला. बस. इंजेक्शनच्या सिरिंजला दोन झडपा लावल्या आणि मोटर जोडली तर जे होईल ते. माझं म्हणणं असं की या पंपांचा सगळा इतिहास दोनच गोष्टींभोवती फिरतो, एक म्हणजे सील नेमकं कुठे बसवायचं आणि दुसरी म्हणजे "दांडा शिरला तेवढं बाहेर पडलं" या गुणाचा उपयोग आधी जोरासाठी झाला आणि मापासाठी फार म्हणजे फारच उशिरा झाला.

सुरुवात इसवी सनाआधी तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसपासून धरतात. त्याचा पंप कांस्याचा, दोन सिलेंडरचा, एक दट्ट्या वर जाताना दुसरा खाली, आणि झडपा आजच्यासारख्याच आपोआप उघडणाऱ्या. रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय आणि रोमन काळातले असे पंप उत्खननात सापडलेतही. पुढे १२०६ मध्ये अल-जझारीने समोरासमोर दोन सिलेंडर ठेवून एकाच दांड्याने दोन्ही दट्टे हलवणारा पंप मांडला, एक भरतोय तेव्हा दुसरा ढकलतोय. कल्पनेत काही कमी नव्हतं, अडत होतं ते सगळं बनवण्यात.

खाणी खोल जायला लागल्या तसा एक वेगळाच प्रश्न उभा राहिला, सक्शन पंपाने पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढेना. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात याची नोंद केली, आणि काही वर्षांत त्याचा शिष्य टोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने दाखवलं की पंप पाणी ओढत नसतोच, बाहेरची हवा ते आत ढकलत असते. तिची ताकद १०.३ मीटर पाण्याएवढी, त्याच्या वर काही नाही. आजही प्लंजर पंप टाकीपासून लांब आणि उंचावर बसवला की हाच नियम आडवा येतो, उलट प्रत्यक्षात तर त्यातलीही बरीच उंची पाइपच्या घर्षणात आणि प्रत्येक स्ट्रोकला पाण्याला नव्याने वेग देण्यात जाते, म्हणून तर सक्शन लाइन आखूड आणि जाड ठेवा असं सांगतात. ओढण्याला मर्यादा आहे पण ढकलण्याला तशी मर्यादा नाही, हे एकदा कळल्यावर सगळ्यांचं लक्ष ढकलण्याकडे गेलं.

आणि इथे येतो १६७५ चं पेटंट घेणारा इंग्रज सॅम्युअल मॉरलंड, माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. तोपर्यंतच्या पंपात दट्ट्या सिलेंडरच्या आतल्या भिंतीला घासून चालायचा, सील दट्ट्यालाच गुंडाळलेलं, दट्ट्याबरोबर ते पण खालीवर. म्हणजे सिलेंडर आतून वरपासून खालपर्यंत गोल आणि गुळगुळीत पाहिजे. आता लांब नळी आतून अचूक कोरणं हे त्या काळी जवळजवळ अशक्य होतं, विल्किन्सनचं बोरिंग मशिन यायला १७७४ साल उजाडावं लागलं! मॉरलंडने सील दट्ट्यावरून काढलं आणि पंपाच्या बॉडीत तोंडाशी स्थिर बसवलं, स्टफिंग बॉक्स (सीलची दोरी, म्हणजे पॅकिंग, भरायची जागा) आणि ग्लँडमध्ये (ते पॅकिंग दाबून धरणारा भाग), आणि दट्ट्याच्या जागी साधा भरीव दांडा घेतला जो भिंतीला शिवतच नाही. दांडा बाहेरून गुळगुळीत करणं लेथवर सोपं, आणि खोलीचा आतला आकार कसाही ओबडधोबड असला तरी चालतो कारण तिथे काही घासतच नाही.

आणखी एक फायदा जो रोज पंप चालवणाऱ्यालाच खरा कळतो, पिस्टनचं, म्हणजे भिंतीला घासणाऱ्या दट्ट्याचं, सील खराब झालं तर ते आतल्या आत गळतं, पाणी पुढून मागे जातं, बाहेरून काही दिसत नाही नुसता फ्लो कमी होतो, पण प्लंजरचं पॅकिंग गेलं की थेंब बाहेर डोळ्यासमोर पडतात, ग्लँडचे नट थोडे थोडे सारखे आवळा, नाहीच थांबलं तर पंप बंद करून पॅकिंग बदला, सिलेंडर खोलायची गरजच नाही. हे सगळं साडेतीनशे वर्षांपूर्वी ठरून गेलंय.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. तिथलं वाफेचं इंजिन पाणी थेट वर ओढत नसे, ते फक्त खाणीत सोडलेले लांबच लांब लाकडी दांडे उचलायचं आणि मग दांड्यांचं स्वतःचं वजन खाली येताना प्लंजरला दाबून पाणी वर ढकलायचं.

१७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलचं, लहान प्लंजरने दाब तयार करायचा आणि मोठ्या रॅमने (जाड दांड्याने) तो जोर घ्यायचा, पण दाब वाढवला की रॅमच्या कडेने पाणी सुटायचं आणि पॅकिंग जास्त आवळावं तर रॅम अडकायचा. तिढा सोडवण्याचं श्रेय जातं ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला, चामड्याची पन्हळीसारख्या आकाराची कॉलर, तिच्या पोकळीत दाबाचं पाणी शिरतं आणि तेच ओठ फाकवून रॅमला घट्ट चिकटवतं. दाब जेवढा जास्त तेवढं सील घट्ट, दाब गेला की आपोआप सैल. आज जे व्ही-पॅकिंग किंवा लिप सील आपण वापरतो ते याच विचाराचे वारस, फरक मटेरियलचा. आधी चामडं, ताग आणि चरबी, मग ग्रॅफाइट, आणि १९३८ मध्ये अपघाताने सापडलेलं टेफ्लॉन, ज्याने केमिकलच्या पंपांचं चित्रच बदलून टाकलं. दांडाही बदलला, त्यावर कठीण लेप आले, नंतर पूर्ण सिरॅमिकचे प्लंजर आले, कारण दांड्याला एक ओरखडा जरी पडला तरी नवं पॅकिंग थोड्याच दिवसांत खराब होतं.

एकोणिसाव्या शतकात हा पंप ताकद पुरवायचं साधन झाला. लंडनमध्ये १८८३ पासून एक कंपनी रस्त्याखालच्या पाइपांतून सुमारे ५५ बार (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा) दाबाचं पाणी विकायची, लिफ्ट, गोदीतल्या क्रेन, थिएटरचे स्टेज असं सगळं त्यावर चालायचं आणि ते थेट १९७७ पर्यंत चालू होतं. अमेरिकेत हेन्री वर्दिंग्टनने १८४० च्या दशकात बॉयलरला पाणी देणारा असा पंप काढला जो मुख्य इंजिनवर अवलंबून नाही, वाफेचा पिस्टन आणि पाण्याचा प्लंजर एकाच दांड्यावर, त्यामुळे इंजिन थांबलेलं असलं तरी बॉयलर कोरडा पडत नाही.

एका प्लंजरचा पंप हिसक्याहिसक्याने पाणी देतो हे उघडच आहे, अर्धा वेळ देतो आणि अर्धा वेळ भरतो. म्हणून प्लंजरची संख्या वाढली आणि इथे एक मजेशीर गोष्ट आहे, दोनावरून तीनावर गेलं की फरक फार मोठा पडतो. तीन प्लंजर १२० अंशांवर ठेवले तर फ्लोचा चढउतार साधारण २३ टक्क्यांवर येतो आणि पाच ठेवले तर ७ टक्क्यांच्या आसपास, चार घेतले तर मात्र तीनापेक्षा जास्त! सम संख्येत दोन प्लंजर बरोबर समोरासमोर येतात आणि एकाच क्षणी थांबतात, म्हणून असं होतं. म्हणूनच जगभर ट्रिप्लेक्स (तीन प्लंजरचे) आणि क्विंटुप्लेक्स (पाच प्लंजरचे) दिसतात. उरलेला धक्का लाइनीला जोडलेलं हवेचं भांडं, म्हणजे एअर व्हेसल किंवा डॅम्पनर, खातं.

आता मापाकडे. हिशोब बघा, २० मिलिमीटर व्यासाचा प्लंजर आणि ४० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे एका फेरीत साडेबारा घन सेंटिमीटर, मिनिटाला १०० स्ट्रोक तर तासाला ७५ लिटर. पुढच्या लाइनीत दाब ५ बार असो की १०० बार, आकडा जवळपास तोच राहतो, फक्त १०० बारला त्या दांड्यामागे साधारण ३२० किलोचा जोर लावावा लागतो. फिरत्या पात्यांच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचं असं नाही, त्याचा दाब वाढला की फ्लो पडतो. हाच गुण धोक्याचाही आहे, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर प्लंजर थांबत नाही, दाब वाढतच जातो आणि जे कमजोर असेल ते फुटतं, म्हणून जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच लागतो आणि त्याच्या आधी लाइन बंद करणारा कुठलाही आयसोलेशन व्हॉल्व्ह लावायचा नाही.

गंमत अशी की मोजून केमिकल सोडायची गरज आली तेव्हा सुरुवातीला पंपाकडे कुणी वळलं नाही. २६ सप्टेंबर १९०८ ला जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉक्टर जॉन लील आणि इंजिनिअर जॉर्ज फुलर यांनी कायमस्वरूपी क्लोरिनेशन सुरू केलं, ते ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने, टाकीत पातळी कायम ठेवायची आणि ठराविक छिद्रातून द्रावण पडू द्यायचं. उघड्या पाण्यात सोडायचं असेल तोवर हे उत्तम चालतं. पण बॉयलरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून फॉस्फेट सोडायचंय, आणि बॉयलरच्या ड्रममध्ये चाळीस बार दाब आहे, तिथे वरून धार धरून काही होत नाही. दाबाविरुद्ध ढकलायचं पण मोजून, आणि चालू असताना कमीजास्त करता आलं पाहिजे, अशा तिन्ही अटी एकदम आल्या तेव्हा प्लंजरला पर्याय उरला नाही. १९३६ मध्ये फिलाडेल्फियात मिल्टन रॉय कंपनीने असे नियंत्रित मापाचे पंप बनवायला सुरुवात केली, आणि डोसिंग पंप हा स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखला जायला लागला.

पण मापाचा प्लंजर त्याच्याही आधी एका वेगळ्या खात्यात येऊन गेला होता, डिझेल इंजिनात. बॉशने १९२७ मध्ये जो फ्युएल इंजेक्शन पंप बाजारात आणला त्याच्या प्लंजरवर तिरपी खाच आहे, स्ट्रोक नेहमी सारखाच, पण प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरवला की खाच सुटकेच्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि तेवढंच कमीजास्त डिझेल पुढे जातं. सेकंदाला अनेकदा, दाणाभर डिझेल, शेकडो बारला, मला तरी हे यंत्रकलेतलं फार सुंदर काम वाटतं.

डोसिंग पंपात मात्र स्ट्रोकच बदलतात. बाहेर जी टक्क्यांची गोल चकती असते ती आत कुठे एक्सेन्ट्रिकचं (मध्याबाहेर बसवलेल्या चाकाचं) अंतर बदलते, कुठे प्लंजरच्या परतीच्या वाटेत आडकाठी ठेवते म्हणजे क्रँक पूर्ण फिरला तरी प्लंजर अर्ध्यातूनच वळतो. दुसरा मार्ग मोटरचा स्पीड बदलायचा. दोन्ही एकत्र वापरताना स्ट्रोक लांब ठेवून स्पीड कमी करणं मला नेहमीच बरं वाटतं, कारण हायपोक्लोराइटसारख्या (क्लोरीनच्या द्रावणासारख्या) द्रवातून गॅस सुटतो आणि स्ट्रोक छोटा असेल तर बुडबुडा नुसता दबतो आणि फुगतो, झडप उघडतच नाही, पंप टकटक चालू असतो आणि पुढे काहीच जात नसतं.

पॅकिंगमधून गळणारं पाणी चालतं, ॲसिड किंवा विषारी केमिकल नाही चालत. म्हणून प्लंजर आणि केमिकलच्या मध्ये पडदा आला, डायफ्राम. प्लंजर तेलाला ढकलतो, तेल डायफ्रामला आणि डायफ्राम केमिकलला, दोन्ही बाजूंना दाब सारखा असल्याने पातळ टेफ्लॉनचा पडदाही मोठ्या दाबाला टिकतो. पुढे दोन पडदे लावून मध्ये प्रेशर स्विच बसवायची पद्धत आली, एक फाटला की लगेच अलार्म आणि केमिकल तरीही आतच. छोट्या कामांसाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सोलेनॉइडचे पंप आले ज्यात क्रँकच नाही, चुंबक थेट डायफ्राम ढकलतो, इलेक्ट्रॉनिक पल्स येईल तेवढे ठोके. प्रयोगशाळेतल्या एचपीएलसीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तर नीलमण्याचे, म्हणजे कृत्रिम सफायरचे, प्लंजर मिनिटाला एखादा मिलिलिटर द्रव शेकडो बारला देतात.

मोठ्या कारखान्यांत आज अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं एपीआय ६७५ हे स्टँडर्ड धरतात. त्यात दहास एक या रेंजमध्ये फ्लो एकाच सेटिंगवर ±१ टक्क्यात स्थिर पाहिजे, आणि सेटिंग बदलून परत तिथेच आणलं तर ±३ टक्क्यात तोच फ्लो मिळाला पाहिजे. हे जमायचं तर झडपा स्वच्छ बसायला हव्यात, डोसिंग पंपात दोन दोन बॉल एकावर एक असतात ते त्यासाठीच, एकाखाली कचरा अडकला तर दुसरा सांभाळतो. आणि चकतीवर ५० टक्के म्हणजे अर्धा फ्लो असं गृहीत धरायचं नाही, सक्शनला कॅलिब्रेशन कॉलम (मापाच्या खुणांची उभी नळी) लावायचा, प्रत्यक्ष लाइनच्या दाबावर पंप चालवायचा आणि मिनिटात किती मिलिलिटर उतरलं ते घड्याळ लावून बघायचं, कारण दाब वाढला की तेल आणि द्रव थोडं दबतं, झडप बसायला क्षणभर जातो आणि उघड्या बादलीत काढलेला आकडा लाइनवर खरा ठरत नाही.